न्यू जर्सीच्या प्रॉपर्टी टॅक्समधला शाळेचा वाटा कसा वाचावा

न्यू जर्सीत घर घेणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात: ‘शाळा चांगली म्हटल्यावर टॅक्स जास्त असणारच’ आणि ‘असेसमेंट वाढलं की टॅक्सही तेवढाच वाढतो.’ (असेसमेंट म्हणजे टॅक्ससाठी ठरवलेली घराची किंमत.) दोन्ही डोक्यातून काढून टाका. एडिसन, प्लेन्सबोरोकडे मराठी घरं भरपूर आहेत आणि त्यांच्या बिलातला सगळ्यात मोठा आकडा बहुधा शाळेचाच असतो. तो आपला आपल्याला वाचता यायलाच हवा.

आधी वर्षाचं पूर्ण बिल काढा. पैसे बँक एस्क्रोतून, म्हणजे कर्जाच्या हप्त्याबरोबर जमा होणाऱ्या रकमेतून, भरत असेल, तरी काढा. त्यात काउंटी, गाव आणि शाळा अशा वेगवेगळ्या ओळी दिसतील. राज्याच्या सरासरीत शाळेचा वाटा साधारण निम्मा असतो.

आता खरी अडचणीची जागा. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, कारण जो तो टॅक्सच्या दरापासून सुरुवात करतो. दर आधी ठरतच नाही. स्कूल बोर्ड बजेट करतं, त्यातून राज्याचं अनुदान आणि इतर उत्पन्न वजा करतं, आणि उरलेली रक्कम गावाकडून वसूल करायची असते. हिला लेव्ही म्हणतात. ती गावातल्या सगळ्या मालमत्तांच्या एकूण असेसमेंटने भागली की दर निघतो. आपल्याकडच्या सोसायटीत वर्षाचा खर्च आधी ठरवून मग चौरस फुटांप्रमाणे वाटतात, तसंच हे.

कागदावर मांडून बघा. लेव्ही १० कोटी डॉलर, गावाचं एकूण असेसमेंट ५०० कोटी. दर १०० डॉलरमागे २ डॉलर. तुमचं घर ५ लाखांचं, म्हणजे शाळेचा टॅक्स १०,०००. गावात रिव्हॅल्युएशन, म्हणजे सगळ्या मालमत्तांचं नव्याने मूल्यांकन, झालं, एकूण असेसमेंट १,००० कोटींवर गेलं आणि लेव्ही तीच राहिली, तर दर १ डॉलरवर येतो. तुमचं घर १० लाखांचं झालं तरी टॅक्स १०,०००च. ते ११ लाखांचं ठरलं तर ११,०००, ९ लाखांचं ठरलं तर ९,०००. म्हणून असेसमेंट किती वाढलं हे विचारू नका. गावाच्या मानाने जास्त वाढलं की कमी, ते विचारा. रिव्हॅल्युएशनची नोटीस पाहून घाबरलेल्या माणसाला थेट अपिलाचा सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो. अपिलात ‘टॅक्स परवडत नाही’ हा मुद्दा चालत नाही, तिथे वाद फक्त घराच्या किमतीचा असतो.

दोन गावांच्या नुसत्या दरांची तुलनाही करू नका. एका गावाचं असेसमेंट बाजारभावाला धरून असतं, दुसऱ्याचं कित्येक वर्षं जुनं. शिवाय ज्या गावात ऑफिसं, मॉल, गोदामं आहेत, तिथे लेव्हीचा मोठा भाग ती उचलतात. तितकीच चांगली शाळा तिथल्या घरमालकाला कमी टॅक्समध्ये मिळू शकते.

पुढचा गैरसमज वर्षाला २ टक्के वाढीच्या मर्यादेचा. ती लेव्हीच्या वाढीवर आहे, तुमच्या बिलावर नाही. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याची वाढ, विद्यार्थीसंख्येची वाढ असे अपवाद तिला आहेत, आणि इमारतींसाठी काढलेल्या बॉण्डची (कर्जरोख्यांची) परतफेड तिच्या बाहेर असते. बॉण्डवर मतदान असेल तेव्हा सरासरी घरामागे वर्षाला किती डॉलर वाढणार, ते वाचूनच मत द्या.

राज्याचं अनुदान २००८ च्या कायद्यातल्या सूत्राने ठरतं. गावाची मालमत्ता आणि उत्पन्न जास्त, तर समानीकरणाचं अनुदान कमी. याबद्दल कुरकुर ऐकू येते, पण मला हे सूत्र हवंच आहे. नुसत्या स्थानिक टॅक्सवर सोडलं तर कॅम्डनसारख्या गरीब शहरातल्या मुलाच्या वाट्याला काय येणार? शाळांच्या निधीवरच्या ॲबट खटल्यात १९९० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरीब शहरी स्कूल डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांइतका खर्च करता आला पाहिजे.

भाड्याने राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. टॅक्स भाड्यातून जातोच.

शेवटचं काम वसंतात. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर बजेटचा सोपा गोषवारा येतो. त्यात लेव्ही, राज्याचं अनुदान आणि कर्जफेड एवढे तीन आकडे गेल्या वर्षीच्या आकड्यांशेजारी मांडा, आणि जाहीर सुनावणीला तो कागद हातात घेऊनच जा.