चॅटबॉटला उत्तर विचारू नका, चूक विचारा

गणिताचे किंवा विज्ञानाचे उदाहरण चॅटबॉटला दिले की तो ते शेवटपर्यंत सोडवून देतो आणि विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतो. परीक्षेत मात्र तेच उदाहरण आकडे बदलून आले, तरी गाडी अडते.

यासाठी उदाहरण आधी वहीत स्वतः सोडवावे, आणि उत्तर जुळले नाही तर सर्व पायऱ्या टाइप करून पुढील सूचना द्यावी : 'अंतिम उत्तर सांगू नकोस. माझी पहिली चुकलेली पायरी कोणती ते सांग आणि ती सुधारता यावी म्हणून मला एकच प्रश्न विचार.' वहीचा फोटो पाठवणे सोपे असले तरी टाइप करावे, कारण पुष्कळदा चूक टाइप करतानाच डोळ्यांत भरते.

दहावीतील भिंगांचे उदाहरण घेऊ. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 20 सेंमी आणि वस्तू 30 सेंमीवर असताना प्रतिमा 12 सेंमीवर आली, तर वस्तूचे अंतर ऋण घ्यायचे (वस्तू ज्या बाजूला असते त्या बाजूची अंतरे ऋण धरतात) राहून गेले आहे. अशा वेळी 'वस्तू भिंगाच्या कोणत्या बाजूला आहे?' एवढा प्रश्न पुरेसा होतो आणि 60 सेंमी हे उत्तर विद्यार्थी स्वतःच काढतो. त्यानंतर त्याच प्रकारचे नवे उदाहरण मागून घ्यावे व मोबाइल बाजूला ठेवून सोडवावे.

चॅटबॉट चुकीची आकडेमोडही तितक्याच ठामपणे मांडतो, म्हणून अंतिम उत्तर पाठ्यपुस्तकाशी किंवा शिक्षकांकडून पडताळून घ्यावे.