हॉस्टेलच्या पोरांनो, अँटिबायोटिकच्या या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरात हॉस्टेलच्या पोरांमध्येच माझं मेडिकल चालतं. पेपर जवळ आले की काउंटरवर एकच मागणी: "काका, तीन ॲझी द्या, उद्या पेपर आहे." ॲझी म्हणजे ॲझिथ्रोमायसिन, एक अँटिबायोटिक. सर्दी, फ्लू आणि बहुतेक वेळा घसादुखीही व्हायरसनं होते आणि व्हायरसवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. सर्दी आपली आपण बरी होते, नाव गोळीचं होतं आणि पुढच्या वेळी रूम पार्टनरलाही तीच सुचवली जाते. रेझिस्टन्सवर, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होण्यावर, पानभर उत्तर लिहिणारी बी.फार्मची पोरंही यात असतात, याचं फार वाईट वाटतं.

खोकल्यावर मनानं लेव्हो घेणं

हे मी जीव तोडून सांगतो. बीडकडचा एक पोरगा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. खोकला जाईना म्हणून मित्राच्या जुन्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर दाखवून लेव्होफ्लॉक्सासिन (लेव्हो, हेही अँटिबायोटिकच) मागू लागला. मी दिली नाही, त्यानं दुसरीकडून घेतली. थोडे दिवस बरं वाटलं, खोकला उलटला, पुन्हा तीच गोळी. मग बऱ्याच दिवसांनी दुकानात आला तेव्हा गालफडं बसलेली, पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं, रोज संध्याकाळी बारीक ताप. त्याला घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. बेडक्यात टीबी निघाला.

लेव्हो टीबीच्या जंतूवरही चालते. त्यामुळे आजार दबतो, निदान लांबतं. पण एकट्या गोळीनं सगळे जंतू मरत नाहीत, उरलेले तिला दाद देईनासे होतात. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत हीच गोळी लागते, ती अशी वाया जाते. आणि तोवर तो पोरगा भरल्या खोलीत खोकत होता.

दोन आठवड्यांवर खोकला गेला की आधी बेडका तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

लेव्हो, सेफिक्झिम यांसारखी औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक सरकारी यादीत आहेत. विकताना रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही ३ वर्षं ठेवावी लागते. न विचारता गोळी देणारा दुकानदार तुमचं भलं करत नाही.

बाकीच्या चुका

जुलाब लागले की लगेच ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल. उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं की ही मागणी वाढतेच. आधी ओआरएस घ्या. रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टर गाठा.

बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करून उरलेल्या गोळ्या पेटीत ठेवणं. गोळी कधी थांबवायची ते लिहून देणाऱ्या डॉक्टरलाच विचारा.

पट्टीवरची उभी लाल रेघ न बघणं. ती दिसली की चिठ्ठीशिवाय हात लावायचा नाही.

लघवीला जळजळ होते तेव्हा मुली संकोचानं मैत्रिणीची गोळी घेतात. मग लघवी कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) दिली की बऱ्याचदा जंतू उगवतच नाही आणि डॉक्टरला अंदाजानं औषध द्यावं लागतं. गोळीच्या आधी लघवीचा नमुना द्या. गोळी घेऊन झालीच असेल तर रिकामी पट्टी सोबत न्या. नुसतं "एक पांढरी गोळी घेतली होती" म्हटल्यानं डॉक्टरला काही कळत नाही.