गाडीत मोठा अँप्लिफायर बसवताना आधी अल्टरनेटरचा हिशोब

अँप्लिफायरच्या खोक्यावरचा ‘मॅक्स’ वॅटचा आकडा विसरा, आरएमएस वॅट, म्हणजे सलग देता येणारी ताकद, बघा. क्लास-डी या कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या अँप्लिफायरची कार्यक्षमता साधारण 80 टक्के धरली, तर 1000 वॅट आरएमएससाठी 1250 वॅट वीज लागते. तिला 13.8 व्होल्टने (इंजिन चालू असतानाचं व्होल्टेज) भागलं की पूर्ण जोरात सुमारे 90 अँपिअर. जास्त वीज खाणारा क्लास-एबी प्रकार असेल तर हाच आकडा बराच वर जातो. गाण्यांत बास सतत वाजत नसल्याने सरासरी ओढ याच्या साधारण तिसरा हिस्सा धरतात, पण सलग बास ऐकणाऱ्यांनी अर्धा धरलेला बरा.

त्यात हेडलाइट, एसीचा पंखा, इंधन पंप यांची गरज मिळवा. आता खरी मेख: अल्टरनेटरवर (इंजिनच्या जोरावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) लिहिलेले अँपिअर जास्त आरपीएमचे, म्हणजे जास्त वेगाने फिरतानाचे, असतात. सिग्नलला गाडी उभी असताना त्याच्या निम्मेच मिळू शकतात. म्हणून नवा अल्टरनेटर घेताना आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, किती देतो ते विचारा; विक्रेता बहुधा दुसराच आकडा पुढे करतो.

दुसरी बॅटरी वीज तयार करत नाही, फक्त साठवते. इंजिन बंद ठेवून ऐकायचं असेल किंवा बासच्या ठोक्याला व्होल्टेज पडत असेल, तर एजीएम (सीलबंद प्रकारची) बॅटरी उपयोगी. पण इंजिन चालू असतानाही व्होल्टेज 12.6 च्या खाली रेंगाळत असेल, तर अल्टरनेटर कमी पडतोय किंवा वायरिंगमध्ये दोष आहे. तेव्हा आधी अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते चॅसिस (गाडीचा धातूचा सांगाडा) आणि इंजिन ते चॅसिस या वायरी जाड करा. खर्च त्यामानाने किरकोळ. बॅटरीजवळ फ्यूज मात्र हवाच.