झिरो माइल: दगड कसा वाचायचा, चौक कसा पाहायचा

नागपुरात पाहुणा आला की त्याला झिरो माइलला, म्हणजे ब्रिटिशकालीन मोजणीच्या दगडी स्तंभापाशी नेतात, घोड्यांसमोर फोटो काढतात, ‘हा भारताचा मध्य’ असं सांगतात आणि पाच मिनिटांत बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात शिरतात. या जागेला किमान दोन तास द्यायला हवेत. तिथे उंची आणि अंतर अशा दोन वेगळ्या मोजण्या दगडात कोरलेल्या आहेत. भोवतीच्या चौकात 1817 पासूनचा नागपूरचा इतिहास एका जागी उभं राहून पाहता येतो. आठवी-नववीच्या मुलांना किंवा बाहेरगावच्या मंडळींना घेऊन जायचं असेल, तर पुढच्या पद्धतीने जा.

आधीची तयारी

एका खेपेला पंधरा-वीस जणच न्या. स्तंभाभोवती उभं राहून वाचायचं असतं, त्यामुळे संख्या वाढली की मागच्यांना काहीच दिसत नाही. सोबत कंपास, छोटी बॅटरी, वही, मीटरची टेप आणि गवंडी वापरतात तशी दहा मीटर पारदर्शक नळी घ्या. नळीच्या आतला व्यास 8 मिलिमीटर असेल तर ती भरायला अर्धा लिटर पाणी पुरतं.

मेट्रोने येणं सगळ्यात सोपं. ऑरेंज लाइनवरच्या झिरो माइल फ्रीडम पार्क स्टेशनवर उतरा. ॲक्वा लाइनने येत असाल तर सीताबर्डी इंटरचेंजला गाडी बदला. स्वतःच्या गाडीने आलात तर पहिला अर्धा तास पार्किंग शोधण्यातच जाईल.

वेळ कोणती

कोरीव अक्षरं वाचायला प्रकाश तिरका लागतो. भर दुपारी खाचांमध्ये सावली पडत नाही आणि अक्षरं पुसट वाटतात. सकाळी आठच्या सुमारास जा. एक अडचण मात्र लक्षात ठेवा: हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, त्यामुळे स्तंभाच्या उत्तरेकडच्या बाजूंवर थेट ऊन येतच नाही. तिथे बॅटरी दगडाला जवळजवळ समांतर धरा, अक्षरं उठून दिसतात. मे-जूनमध्ये सकाळचं कोवळं ऊन ईशान्येकडून येतं आणि याच बाजू छान वाचता येतात, पण मग नऊच्या आत आटपावं लागतं.

अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून खडू, तेल किंवा पाणी कधीही लावू नका. कागद ठेवून पेन्सिलीने घासून छापही घेऊ नका. हा वाळूचा दगड आहे, सच्छिद्र आहे. तेल आत मुरलं की निघत नाही, घासलं की कडा झिजतात. फोटो पुरेसा आहे. कुंपणाबाहेरूनच पाहायची वेळ आली तर दुर्बीण कामी येते.

पायरी 1: भाग ओळखा

वाळूच्या दगडाचा षटकोनी स्तंभ, त्याच्याजवळचा छोटा दगड आणि गिलाव्याचे चार घोडे असे तीन भाग वेगळे करून दाखवा. घोडे नंतर जोडलेले आहेत, मोजणीशी त्यांचा काही संबंध नाही. सगळ्यांची नजर आधी घोड्यांवर जाते, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाका. छोटा दगड दिसायला साधा असला तरी तोच खरा मोलाचा. तो 1907 सालचा, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटिशांनी केलेल्या भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा स्टँडर्ड बेंच मार्क आहे. बेंच मार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची नेमकी ठरवून दिलेली कायमची खूण.

या सर्व्हेची सुरुवात 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने केली. मोजणी उत्तरेकडे सरकत असताना 20 जानेवारी 1823 रोजी तो आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या मुलांना ही गोष्ट अवश्य सांगा. पुढे ते काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं.

पायरी 2: उंची समजून घ्या

स्तंभाच्या माथ्याची उंची 1020.171 फूट अशी नोंदलेली आहे, म्हणजे 310.948 मीटर. मुलांना दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक दाखवा: एका फुटाचा हजारावा भाग, म्हणजे 0.3 मिलिमीटर. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर असताना इतकी बारीक नोंद कशी करत असतील, हे नुसतं बोलून पटत नाही. त्यासाठी नळी.

स्तंभापासून दूर, मोकळ्या फूटपाथवर नळी पाण्याने भरा. दोघांनी दोन टोकं उभी धरायची, दोन्ही तोंडं उघडी ठेवायची. पाणी स्थिर झालं की दोघांनी आपापल्या पायाखालच्या जमिनीपासून पाण्याच्या पातळीपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. एकाकडे 92 सेंटिमीटर आलं आणि दुसऱ्याकडे 78, तर दुसऱ्याची जमीन 14 सेंटिमीटरने उंच आहे. मग पहिल्याने नळी घेऊन दुसऱ्याच्या पुढे जायचं आणि पुन्हा मोजायचं. दुसऱ्याने जागा सोडायची नाही.

उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा नळीतल्या बुडबुड्यांमुळे. एक बुडबुडा अडकला तरी दोन टोकांची पातळी सारखी राहत नाही. पाणी हळू भरा, नळी बोटाने टिचकत वर सरकवा. दुसरी चूक म्हणजे एका टोकावर अंगठा तसाच राहणं. परत निघालेल्या जागी मोजत या. सगळ्या टप्प्यांच्या फरकांची बेरीज (चढ अधिक, उतार उणे) शून्य यायला हवी. जेवढी येईल तेवढी तुमची चूक. पाच-सहा टप्प्यांत दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो आणि तेव्हा तो तिसरा अंक डोळ्यांत भरतो.

सर्व्हेची मंडळी नळीऐवजी लेव्हलची दुर्बीण आणि आकड्यांची उभी पट्टी वापरत, पण पुढे-मागे वाचत टप्प्याटप्प्याने जाण्याचं तत्त्व हेच. देशभरातलं हे जाळं विणायला 1858 ते 1909 असा काळ लागला. कराचीपासून ओडिशातल्या फॉल्स पॉइंटपर्यंत किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणी भरती-ओहोटी मोजून सरासरी समुद्रपातळी ठरवली होती.

कुणीतरी मोबाइल काढून ‘यात तर अडीचशे मीटरच दाखवतंय’ असं म्हणेलच. दगड चुकलेला नाही. उपग्रहावरून मिळणारी मूळ उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून धरलेली असते. मध्य भारतात सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग या लंबगोलाच्या 50 मीटरपेक्षा जास्त खाली येतो. काही ॲप ही दुरुस्ती करून आकडा दाखवतात, काही करत नाहीत. दोन वेगळे फोन शेजारी धरा, फरक तिथल्या तिथे दिसेल.

पायरी 3: अंतरं पडताळा

स्तंभाच्या बाजूंवर कोरलेली गावांची नावं ब्रिटिश काळातल्या स्पेलिंगमध्ये आहेत. चांदा म्हणजे चंद्रपूर, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आकडे मैलांत आहेत, 1.609 ने गुणले की किलोमीटर मिळतात. पहिला आकडा दगडावरचा, दुसरा त्याचे किलोमीटर, तिसरा नकाशावर मोजलेलं सरळ रेषेतलं साधारण अंतर:

रायपूर: 174 मैल, 280 किमी, सरळ 265
जबलपूर: 170 मैल, 274 किमी, सरळ 240
शिवनी: 79 मैल, 127 किमी, सरळ 115
बैतूल: 101 मैल, 163 किमी, सरळ 147
हैदराबाद: 318 मैल, 512 किमी, सरळ 420
छिंदवाडा: 83 मैल, 134 किमी, सरळ 102
चांदा: 125 मैल, 201 किमी, सरळ 135

शिवाय कवठा, 62 मैल.

आता दुसऱ्या आकड्याला तिसऱ्याने भागायला लावा. एकही उत्तर 1 येत नाही, म्हणजे ही अंतरं सरळ रेषेतली नाहीत, वाटेची आहेत. रायपूरला 1.06 येतं, पूर्वेकडे जाताना मोठा वळसा पडत नाही. छिंदवाड्याला 1.31, कारण सातपुडा चढावा लागतो. चांद्याचं 1.49 सगळ्यात विचित्र. आजच्या रस्त्याने चंद्रपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, मग दगडावर दोनशे का? मुलांना रेल्वेचा नकाशा द्या. सेवाग्राम-वरोऱ्यावरून वळसा घालत जाणारा मार्ग मोजला की आकडा दोनशेच्या जवळ जातो. हे उत्तर तुम्ही आधी सांगू नका. त्यांनी ते स्वतः काढण्यातच मजा आहे.

दिशाही पडताळा. रायपूर जवळजवळ सरळ पूर्वेला, हैदराबाद दक्षिणेला किंचित पश्चिमेकडे, बैतूल वायव्येला. नागपुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे दुरुस्ती करायची गरज नाही. कंपास लोखंडी जाळीपासून आणि उभ्या गाड्यांपासून पाच-सहा पावलं लांब धरा, नाहीतर सुई भलतीकडे वळते.

‘भारताचा मध्य’ या प्रश्नाला काय सांगायचं

हा प्रश्न येतोच. वरच्या कुठल्याही आकड्यातून मध्य सिद्ध होत नाही, एवढं स्पष्ट सांगा. फाळणीनंतर देशाची आकृतीच बदलली. आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या करौंदीजवळ मानला जातो. नागपूर देशाच्या मधोमध आहे हे ढोबळमानाने खरंच आहे, पण या दगडाची थोरवी त्याच्या मोजणीत आहे. ती खोट्या दाव्याने वाढत नाही.

पायरी 4: चौक पाहा

आग्नेयेकडे तोंड करा. ती सीताबर्डीची टेकडी. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई इथे झाली. भोसले हरले आणि टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला. आता वायव्येकडे वळा, विधान भवन. नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, 1956 मध्ये ते पद गेलं. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारानुसार दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं. उत्तरेला थोडं चाललात की कस्तुरचंद पार्क, पूर्वेला रेल्वे स्टेशन.

सगळ्यात जास्त वेळ मात्र गोवारी शहीद स्मारकापाशी द्या. ते झिरो माइलला लागूनच आहे आणि बहुतेक लोक त्याकडे न पाहता पुढे जातात. 23 नोव्हेंबर 1994 रोजी अनुसूचित जमातीचा दर्जा मागत गोवारी समाजाचा मोर्चा विधान भवनाकडे निघाला होता. चेंगराचेंगरीत 114 जण मेले, त्यांत बाया आणि लेकरं फार होती. बर्डीच्या उड्डाणपुलाला याच शहिदांचं नाव दिलेलं आहे. मुलांना हे टाळून सांगू नका. गर्दीला मागून रेटा बसत राहिला आणि पुढे वाट नसली, तर माणसं पळून नव्हे, उभ्याउभ्या गुदमरून मरतात, हे त्यांना कळायला हवं. इथे सेल्फी नको, चपला बाजूला काढा, आवाज खाली ठेवा.

तिथून फ्रीडम पार्कात टेका, डबे खा, नळी गुंडाळा. पाय चालत असतील तर संविधान चौकातून पुढे अजब बंगल्यापर्यंत जाता येतं. 1863 सालचं हे संग्रहालय सोमवारी बंद असतं.

तारखा सांभाळा

हिवाळी अधिवेशन चालू असताना, म्हणजे बहुधा डिसेंबरात, शाळेची सहल आणू नका. मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड आणि झिरो माइलच्या आसपास अडवले जातात, कठडे लागतात, रस्ते बंद होतात. 23 नोव्हेंबरला गोवारी बांधव श्रद्धांजलीला येतात. त्या दिवशी जायचं असेल तर फूल वाहायला जा, सहल घेऊन नको. किल्लाही पाहायचा असेल तर 26 जानेवारी, 1 मे किंवा 15 ऑगस्ट यांपैकीच दिवस निवडा. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वांसाठी याच तीन दिवशी उघडतो. ओळखपत्र जवळ ठेवा आणि सकाळी आधी किल्ला करा. उशीर केला तर रांग वाढते आणि दगड वाचायला तिरकं ऊन थेट संध्याकाळीच मिळतं.