सट्ट्याच्या डेटाचं टूल एआय एजंटला देताय? डॉक्युमेंटेशनमधल्या या चुका टाळा

अमेरिका-ब्रिटनमधल्या क्रीडा-सट्ट्याचा डेटा एआय एजंटला (स्वतः टूल्स वापरून काम उरकणाऱ्या प्रोग्रामला) पुरवणाऱ्या टूल्सचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे तपासायला येतं. त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय. डेव्हलपर अडला की कुणाला तरी विचारतो, दोन-चार कॉल मारून बघतो. एजंट बहुतेक वेळा विचारत नाही. वर्णनात जे राहिलं ते तो अंदाजाने भरतो आणि उत्तर मात्र ठासून देतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भाव कोणत्या पद्धतीचा आहे हे न लिहिणं. अमेरिकन पद्धतीत +१५०, दशांशात २.५० आणि ब्रिटिश अपूर्णांकात ६/४, हे तिन्ही एकच भाव आहेत. १०० लावले तर मुद्दल धरून २५० परत, म्हणजे शक्यता ४० टक्के.

एका क्लायंटच्या टूलमध्ये भावाच्या फील्डचं (डेटातल्या रकान्याचं) वर्णन दोनच शब्दांचं होतं: ‘चालू भाव’. भाव अमेरिकन पद्धतीचे होते, पण जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये) संख्येच्या आधी अधिकचं चिन्ह चालत नाही, त्यामुळे +१५० चे नुसते १५० होऊन जायचे. बास्केटबॉलमध्ये निभावून गेलं, कारण तिथे एका संघाचा भाव सहसा उणे असतो आणि तो दिसला की एजंट पद्धत ओळखायचा. फुटबॉलला तीन निकाल असतात. एका सामन्यात १५०, २१०, १९० असे तिन्ही भाव अधिकचे आले, एजंटने ते दशांश धरले आणि १०० लावले तर १५,००० मिळतील असं ग्राहकाला सांगून टाकलं. टीमने काय करावं? मॉडेल बदललं. मग प्रॉम्प्ट (एजंटला दिलेल्या सूचना) लांबवला. मग आणखी लांबवला. फील्डचं वर्णन उघडून वाचायला कुणालाच सवड नव्हती. शेवटी तिथे एक ओळ घातली आणि प्रकरण मिटलं.

मी पद्धत फील्डच्या नावातच घालतो आणि वर्णनात एक हिशेब मांडतो: ‘२.५० म्हणजे १०० वर मुद्दलासकट २५०’. शिवाय सगळ्या निकालांच्या शक्यतांची बेरीज १०० च्या वर जाते आणि ती वाढ बुकमेकरचं (सट्टा घेणाऱ्या कंपनीचं) मार्जिन असते, हेही लिहितो. दोन्ही बाजू −११० (१०० कमवायला ११० लावायचे) असल्या तर प्रत्येकी ५२.३८, बेरीज १०४.७६. हे लिहिलं नाही तर एजंट त्या ५२.३८ लाच जिंकण्याची खरी शक्यता म्हणून पुढे करतो.

दुसरी चूक निकालाच्या नियमांची. १८ डिसेंबर २०२२, विश्वचषकाची अंतिम लढत, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. निर्धारित वेळेत २-२, जादा वेळेनंतर ३-३, पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२. जिंकलं कोण? अर्जेंटिना. पण ‘सामन्याचा निकाल’ हे नेहमीचं तीन पर्यायांचं मार्केट (सट्ट्याचा प्रकार) निर्धारित वेळेवर आणि तिला जोडलेल्या भरपाईच्या मिनिटांवर मिटतं, म्हणून तिथे निकाल ‘बरोबरी’. ‘विजेता’ नावाचं एकच फील्ड ठेवून मोकळे झालेले लोक इथे हमखास तोंडावर पडतात. अमेरिकन बास्केटबॉल लीग एनबीएच्या मनीलाइनमध्ये (कोण जिंकणार यावरच्या साध्या सट्ट्यात) मात्र ओव्हरटाइम धरतात. म्हणून प्रत्येक मार्केटच्या वर्णनात ते कुठे मिटतं हे लिहाच. हँडिकॅप −३ (संघाच्या गुणांतून तीन वजा धरून निकाल) असताना संघ बरोबर तीन गुणांनी जिंकला तर पैसे परत मिळतात, हेही लिहा. ‘हे सगळ्यांना माहीत असतं’ हे वाक्य मी नवख्यांकडून फार ऐकतो. त्यांनी एकदा एजंटचे लॉग वाचावेत.

कोडवरून आपोआप तयार झालेलं वर्णन तसंच चिकटवू नका. त्यात फील्डचा प्रकार कळतो, अर्थ कळत नाही. पाच मिनिटं वाचवणारा हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही.

तारीख कोणत्या टाइमझोनची ते लिहा. लॉस एंजेलिसमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दुसऱ्या दिवशीच्या पहाटे दोनचा असतो आणि ‘आजचे सामने’ यादीतून गळतो.

नुसतं ‘जायंट्स’ चालणार नाही. न्यूयॉर्कचे अमेरिकन फुटबॉलवाले की सॅन फ्रान्सिस्कोचे बेसबॉलवाले? आयडी मागा. संघ आणि तारीख हीही पुरेशी ओळख नव्हे, कारण बेसबॉलमध्ये तेच दोन संघ कधी कधी एकाच दिवशी दोनदा खेळतात.

२०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून अमेरिकेत प्रत्येक राज्य आपलं ठरवतं, आणि युटा व हवाईत सट्टा बेकायदाच आहे. डेटा कोणत्या राज्यातल्या बुकमेकरचा, हे उत्तरात यायला हवं.

आणि टूलकडून परत येणारी रिकामी यादी. सामना सापडला नाही, मार्केट तात्पुरतं थांबवलंय, की भाव अजून निघालेच नाहीत? तिन्हींना वेगळा संदेश द्या आणि त्या संदेशातच पुढे काय करायचं ते सांगा: ‘मार्केट थांबवलेलं आहे, ३० सेकंदांनी पुन्हा विचारा, जुना भाव वापरू नका’.