खाली बसवलेल्या शेवरलेट सी-१० पिकअपला रिम आणि टायर निवडताना या चुका टाळा

अमेरिकेत १९६७ ते १९७२ या काळात बनलेला शेवरलेटचा सी-१० पिकअप चार-सहा इंच खाली बसवून त्याला २० इंची रिम लावणे, ही तिथल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांची नेहमीची हौस आहे. पुढे टायर मडगार्डला घासतो, वळताना आवाज येतो किंवा मागे एकाच बाजूचा टायर कापला जातो, अशा तक्रारी सुरू झाल्या की दोष रिमला दिला जातो. बहुतेक वेळा चूक कामाच्या क्रमात झालेली असते, कारण रिम आधी मागवली जाते आणि गाडी नंतर खाली येते. गाडी ज्या उंचीवर कायम चालणार आहे त्या उंचीवर ती बसवावी, अलाइनमेंट करून घ्यावे, मागचा अ‍ॅक्सल मधोमध आणावा आणि त्यानंतरच मापे घ्यावीत. त्याआधी घेतलेले माप कितीही काळजीपूर्वक घेतले असले तरी ते वेगळ्या गाडीचे माप ठरते.

अ‍ॅक्सल मधोमध आणण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. या काळातील बहुतेक सी-१० गाड्यांत मागे पाटे नसून कॉइल स्प्रिंग आहेत, आणि अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा पॅनहार्ड रॉड दिलेला आहे. त्याचे एक टोक चासीला आणि दुसरे अ‍ॅक्सलला जोडलेले असते. गाडी वर-खाली होते तेव्हा हा रॉड कंसात फिरतो, आणि मूळ रॉड आखूड असल्यामुळे चासी चार-सहा इंच खाली आली की अ‍ॅक्सल एका बाजूला ढकलला जातो. मग एकीकडे टायर हौद्याच्या पत्र्याला टेकतो, तर दुसरीकडे बोटे सहज जातील एवढी फट राहते. अशा वेळी अरुंद टायर घेणे किंवा एकाच बाजूला स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी जाड चकती) लावणे हा उपाय नव्हे. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड बसवावा. तपासणीसाठी दोन्ही बाजूंच्या चाकाच्या कमानीवरून, अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, ओळंबा सोडावा आणि दोरीपासून ब्रेक ड्रमच्या तोंडापर्यंतचे अंतर मोजावे. डावीकडे ३ इंच आणि उजवीकडे २ इंच भरले, तर अ‍ॅक्सल अर्धा इंच सरकलेला आहे. मात्र जुन्या गाडीत हौदाही चासीवर तिरका बसलेला असू शकतो, म्हणून हेच अंतर चासीपासूनही मोजावे आणि दोन्ही मापांचा मेळ बसल्यावरच रॉडला हात लावावा.

दुसरी चूक हिशेबाची आहे. रिमची ८ इंच ही रुंदी टायरची कड जिथे बसते तिथली असते. बाहेरच्या कडांमधील अंतर साधारण ९ इंच भरते. त्यामुळे शून्य ऑफसेटच्या, म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग बरोबर रुंदीच्या मध्यावर असलेल्या, ८ इंची रिमचे बॅकस्पेसिंग (त्या पृष्ठभागापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर) ४ नव्हे, तर सुमारे साडेचार इंच असते. या हिशेबात झालेली चार सुतांची चूक खाली बसवलेल्या गाडीत पुरेपूर घासते. टायरचेही तसेच आहे. टायरवर लिहिलेली २५५ मिलिमीटर ही रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते आणि रिम अर्धा इंच जास्त रुंद घेतली की टायर सुमारे ५ मिलिमीटर फुगतो.

पुढच्या चाकांत आतली फट वाढवण्यासाठी बॅकस्पेसिंग कमी केले जाते, पण त्यामुळे टायर बाहेर जातो, स्टिअरिंग पूर्ण वळवताना मोठ्या कंसात फिरतो आणि मडगार्डच्या पुढच्या किंवा मागच्या कडेला लागतो. ड्रॉप स्पिंडल (चाकाचा आस वर सरकवून गाडी खाली आणणारे भाग) लावले असतील, तर खालचा बॉल जॉइंट चाकाच्या मध्यापासून अधिक खाली, म्हणजेच रिमच्या आतल्या कडेच्या जवळ येतो. तिथली फटही पाहावी. याची खात्रीची तपासणी म्हणजे स्प्रिंग काढून, चासी स्टँडवर भक्कम टेकवून, सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला जॅकने बंप स्टॉप (आर्मची वरची हालचाल थांबवणारा रबरी ठोकळा) लागेपर्यंत हळूहळू उचलणे आणि प्रत्येक टप्प्यावर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणे. स्प्रिंगऐवजी एअर बॅग (हवेने भरणाऱ्या रबरी पिशव्या) बसवल्या असतील, तर त्या पूर्ण रिकाम्या आणि पूर्ण भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत पाहावे, कारण भरलेली पिशवी टायरच्या बाजूलाही फुगते.

नटांची संख्या मोजून रिम विकत घेऊ नये. १९७० पर्यंतच्या सी-१० ला ५.५ इंची वर्तुळावर ६ स्टड (चाक ज्यांवर नटांनी आवळतात ते बोल्ट) होते. १९७१ मध्ये पुढे डिस्क ब्रेक आले आणि ५ इंची वर्तुळावर ५ स्टड झाले. जुन्या गाडीला नंतर डिस्क बसवल्या असतील, तर तिथे ४.७५ इंची वर्तुळही सापडते. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधील अंतर ५ इंची वर्तुळात सुमारे ७४.६ आणि ४.७५ इंचीत सुमारे ७०.९ मिलिमीटर असते. चुकीच्या रिमवर नट ओढूनताणून बसलाच, तरी तो तिरका बसतो; अशी गाडी रस्त्यावर नेऊच नये.

टायरच्या भारक्षमतेविषयी मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. मूळ मापाच्या जवळची उंची हवी म्हणून २३५/७५ आर १५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) ऐवजी २५५/४५ आर २० घेतला, तर व्यासात जेमतेम ४ मिलिमीटरचा फरक पडतो आणि काम झाले असे वाटते. पण पॅसेंजर प्रकारचा, म्हणजे प्रवासी मोटारींसाठीचा, टायर पिकअपला लावताना त्याची क्षमता १.१० ने भागून धरावी, असा अमेरिकेतला नियम आहे. टायरवरचा लोड इंडेक्स (भारक्षमतेचा सांकेतिक आकडा) १०१ म्हणजे एका टायरला ८२५ किलो; पिकअपवर तो ७५० किलोच धरावा आणि हौद्यात भरायचे सामान त्यात बसते का, हे पाहावे.

घासणे सुरू झालेच असेल, तर आधी खूण वाचावी. टायरची आतली बाजू गुळगुळीत आणि चकचकीत झाली असेल, तर तो चासीला किंवा सस्पेन्शनला लागतो. बाहेरच्या खांद्यावर काप असतील, तर कमानीच्या दुमडलेल्या कडेला. शंका असेल तिथे पत्र्यावर खडू फासून, हौद्यात नेहमीएवढे वजन टाकून खड्ड्यांच्या रस्त्यावरून एक फेरी मारावी. खडू जिथे पुसला जाईल तिथे दोष आहे.

नवी रिम कायम करण्यापूर्वी मागचे चाक काढून पुन्हा बसवून पाहावे. कमानीत आत गेलेला टायर अ‍ॅक्सल जॅकवर उचलून निघत नाही. चासी उचलून अ‍ॅक्सल खाली लोंबू द्यावा लागतो, आणि तेवढा उचलणारा जॅक गाडीत नसेल, तर पंक्चर झाल्यावर सोबतचे स्टेपनी चाक उपयोगाचे राहत नाही.