संगणक कक्षातील इंटरनेटचे नियम विद्यार्थ्यांना कसे शिकवावेत

जूनमध्ये शाळा सुरू झाली की संगणक कक्षाच्या दारावर इंटरनेट वापराची नियमावली लागते, पालकांची एका कागदावर सही घेतली जाते आणि बहुतेक शाळांत विषय तिथेच मिटतो. नियमावली खरोखर शिकवायची असेल, तर पहिल्या घटक चाचणीपूर्वीच प्रत्येक वर्गासाठी निदान दोन तासिका राखून ठेवाव्यात आणि सही त्यानंतरच घ्यावी.

आधी शिक्षकांनी भाषा तपासावी. ‘शाळेच्या साधनसुविधांचा गैरवापर करू नये’ या वाक्यातून सातवीच्या मुलाला काहीच हाती लागत नाही. ‘दुसऱ्याच्या खात्यात शिरू नये, विचारल्याशिवाय काही डाउनलोड करू नये, लॉगआउट केल्याशिवाय खुर्ची सोडू नये’ हे मात्र त्याला लगेच समजते.

पहिली तासिका या शेवटच्या नियमालाच द्यावी. सरावासाठी एक वेगळे ईमेल खाते तयार करून ते संगणकावर उघडे ठेवावे आणि पुढच्या तुकडीतील एका विद्यार्थ्याला तिथे बसवून, त्याला काय काय करता येते, हे वर्गाला पडद्यावर दाखवावे. तो ईमेल वाचू शकतो, प्रकल्पाची फाइल पुसू शकतो, खातेदाराच्या नावाने मुख्याध्यापकांना वाटेल ते लिहू शकतो. मग विचारावे, की उद्या चौकशी झाली तर नाव कोणाचे दिसेल? दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66सी नुसार गुन्हा असून त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही सांगावे. पण धाक म्हणून नव्हे, कारण 18 वर्षांखालील मुलांची प्रकरणे बाल न्याय कायद्याखाली वेगळ्या पद्धतीने हाताळली जातात आणि पोकळ धमकी मुले चटकन ओळखतात.

दुसरी तासिका छायाचित्रांची. स्नेहसंमेलनात संवाद विसरलेल्या मुलीचा फोटो कोणीतरी काढला, दुसऱ्याने त्याचे स्टिकर केले, तिसऱ्याने ते वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि बाकीचे हसले, असा प्रसंग फळ्यावर मांडून प्रत्येकाचा वाटा किती, हे गटांत ठरवायला लावावे. सुरुवातीला सारा दोष फोटो काढणाऱ्याच्या माथी मारला जातो. स्टिकर पुढे पाठवणाऱ्यावर चर्चा येईपर्यंत शिक्षकांनी निकाल देऊ नये. इथे एक अडचणीचा प्रश्न हमखास येतो: सर आणि बाई आमचे फोटो स्टेटसला ठेवतात, ते कसे चालते? तो उडवून लावू नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बालक मानले असून, तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. तेव्हा विद्यार्थ्यांचे फोटो कोण, कुठे टाकू शकेल, हा नियम शिक्षकांसाठीही लिहिलेला असावा, अन्यथा बाकीची नियमावली शिकवण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

प्रकल्पात विकिपीडियावरील उतारे जसेच्या तसे उतरवण्याविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरते. संदर्भ लिहिण्याची सवय भाषेच्या तासालाही लावता येते.

नको ते संकेतस्थळ चुकून उघडले, तर मॉनिटर बंद करून हात वर करावा आणि त्याबद्दल शिक्षा होणार नाही, हे नियमावलीतच स्पष्ट लिहावे. व्हीपीएन वापरून शाळेचे निर्बंध जाणूनबुजून ओलांडणे ही वेगळी बाब आहे. तिथे आधी समज, मग पालकांशी बोलणे आणि त्यानंतर काही काळ केवळ शिक्षकांच्या शेजारी बसून काम, असा क्रम ठेवावा. संगणकाची तासिकाच बंद केल्यास मुलाचे प्रात्यक्षिक बुडते. आर्थिक फसवणुकीसाठी 1930 आणि मुलांच्या मदतीसाठी 1098 हे क्रमांक कक्षाच्या दारावर मोठ्या अक्षरांत असावेत. वर्षाच्या मध्यात प्रवेश घेणाऱ्या मुलांसाठी दोन्ही तासिकांचा गाभा वर्गशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावा आणि मगच त्यांना लॉगिन द्यावे.